पाटी नको, पेट्रोल तपासा

अमरावती-बडनेरा रस्त्यावर ऑटो चालविणारे आणि अकोल्याच्या एमआयडीसीत दुचाकीने कामावर जाणारे बांधव आम्हाला नेहमी विचारतात, मोठ्या नावाचे महाग पेट्रोल भरले तर इंजिन जास्त टिकते काय? साध्या पेट्रोलने गाडी बिघडते काय?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की पंपावरची पाटी निराळी असली तरी माल पुष्कळदा एकाच ठिकाणचा असतो. सरकारी तेल कंपन्या एकमेकींच्या कारखान्यांतून आणि डेपोंतून पेट्रोल घेतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर सर्वांना बीएस-६ हा एकच दर्जा बंधनकारक आहे. इंग्लंडात किराणा मालाची मोठी दुकानेही पंप चालवितात. तेथील लोकांनाही हीच शंका येते, पण तेथेही कायद्याचा दर्जा सर्वांना सारखाच आहे.

मग महाग पेट्रोलमध्ये जास्त काय असते? इंजिन साफ ठेवणारी रसायने किंवा जास्त ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची ताकद. जास्त दाबाच्या इंजिनाला ती लागते. ज्या गाडीच्या पुस्तकात साधे पेट्रोल लिहिले आहे, तिला त्याचा विशेष लाभ नाही. हिशेब करा. लिटरमागे ७ रुपये जास्त धरले आणि रोज ४ लिटर लागले, तर २६ दिवसांचे ७२८ रुपये होतात. एवढ्यात ऑइल बदलून होईल आणि मुलांच्या वह्याही येतील.

इंजिनाचा खरा शत्रू भेसळ आहे. रॉकेल पेट्रोलसारखे चटकन उडत नाही. ते अर्धवट जळते, प्लगवर काजळी धरते, ऑइल पातळ करते आणि पिस्टन झिजविते. कित्येक वर्षे गरिबाच्या रेशनचे निळे रॉकेल काळ्या बाजारातून टँकरमध्ये गेले. म्हणजे गरिबाची चूल विझवून गरिबाच्याच ऑटोचे इंजिन जाळले गेले. मनमाडजवळ पानेवाडी येथे २५ जानेवारी २०११ रोजी इंधनाची भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. एवढा पैसा या धंद्यात आहे!

मात्र अॅव्हरेज घटले की भेसळच झाली, असेही समजू नये. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. त्यामुळे जुन्या धाटणीच्या दुचाकीचे अॅव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट लावावे. पाणी शिरले की इथेनॉल त्याच्याशी मिळून तळाशी बसते आणि गाडी बंद पडते.

शंका आली तर पंपावर फिल्टर पेपर मागा. तो आपला हक्क आहे. त्यावर पेट्रोलचा थेंब टाका. दोन मिनिटांत तो उडून गेला पाहिजे. तेलकट काळा डाग राहिला तर संशयाला जागा आहे. माप कमी वाटले तर ५ लिटरच्या प्रमाणित मापात मोजून मागा. २५ मिलीलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. काटा शून्यावर पाहा आणि पावती घ्या. पंपावर दाद लागली नाही तर वैधमापन खात्याकडे किंवा जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.

एकट्याला पंपवाला उडवून लावील. स्टँडवरचे दहा ऑटोवाले मिळून गेले, तर फिल्टर पेपर आपोआप सापडेल!