पेटीतील पुरावा

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या घरातील लोखंडी पेटी एकदा उघडून पाहा. जमिनीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे आपण फडक्यात बांधून जपतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच पेटीच्या तळाशी एखादी काळी चित्रफीत, म्हणजे लग्नाची व्हिडिओ कॅसेट, पडलेली असेल, तर तिला मात्र आपण कागदपत्र मानीत नाही. जुन्या हौसेची ती एक खूण, एवढेच आपण समजतो. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत एखाद्या विधवा भगिनीला मोजावी लागण्याचा संभव आहे, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

भारतात 1982 साली रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत लग्नमंडपात चित्रीकरण करण्याची पद्धत पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. विवाहाची सरकारी नोंदणी करण्याची पद्धत मात्र पोहोचली नाही. सर्वधर्मीय विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्वनी कुमार या प्रकरणात राज्यांना सांगितले, ते 14 फेब्रुवारी 2006 रोजी. त्यापूर्वी झालेल्या कित्येक विवाहांचा सरकारदरबारी एकही कागद नाही.

आपले विवाह त्रिशरण-पंचशील ग्रहण करून झाले. त्यांत होम नाही, सप्तपदी नाही. 1955 चा हिंदू विवाह कायदा कलम 2 अन्वये बौद्धांनाही लागू होतो, आणि कलम 7 अन्वये वधू किंवा वर यांपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढ विधींनी विवाह करता येतो. म्हणजे कायदा आपल्या वाटेत उभा नाही. प्रश्न उरतो तो पुराव्याचा. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज असो, वारसाचा दावा असो की पोटगीचा, विधी खरोखर झाला काय, हे विचारले जाते. मंडपातील वडीलधारी माणसे एकेक करून निघून जात आहेत. फितीवर मात्र वधूवर, विधी लावणारे बौद्धाचार्य, दोन्हीकडील नातलग आणि तो संपूर्ण विधी आवाजासह उमटलेला आहे. याहून बोलका साक्षीदार कोणता?

पण हा साक्षीदारही अमर नाही. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा थर चिकटद्रव्याने बसवलेला असतो. उष्णतेने आणि दमटपणाने ते द्रव्य सुटते, थर झडतो, फितीवर बुरशी चढते. खानदेशचा वैशाख आणि पत्र्याचे छप्पर यांच्यामध्ये सापडलेल्या फितीची काय अवस्था होत असेल, ते निराळे सांगावयास नको. दुसरे संकट यंत्रांचे. जपानच्या जेव्हीसी कंपनीने 1976 साली बाजारात आणलेली व्हीएचएस पद्धतीची यंत्रे तयार करणारी शेवटची प्रसिद्ध कंपनी, फुनाई, हिने जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबविले. युनेस्कोने 2019 साली चुंबकीय फितींविषयी जगाला सावध केले, ते याच दोन कारणांसाठी.

यावर उपाय आहे. कॅसेट आणि तबकडी, म्हणजे डीव्हीडी, अशी दोन्ही चालविणारे जोडयंत्र जुन्या बाजारात अजून मिळू शकते. एका बाजूला फीत घालावी, दुसऱ्या बाजूला कोरी तबकडी घालावी आणि प्रत उतरवावी. तीन तासांच्या फितीला तीन तासच लागतात, त्याहून लवकर होत नाही. चांगल्या प्रतीचे चित्र हवे असेल तर 4.7 जीबीच्या तबकडीवर सुमारे दोन तासच मावतात, म्हणून दोन तबकड्या घ्याव्यात. घेण्यापूर्वी यंत्र पाल पद्धतीचे आहे ना, हे पाहावे. आपल्याकडील फिती त्याच पद्धतीच्या आहेत, आणि अमेरिकेतून आणलेले यंत्र बहुधा निरुपयोगी ठरते.

आपण विचाराल, दुकानदाराकडून हे काम होत असता घरी यंत्र कशाला? याचे उत्तर जालन्याच्या एका खटल्यात आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाले, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाच्या तबकड्या न्यायालयापुढे आल्या, परंतु वारंवार मागूनही कायद्याने लागणारे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी निर्णय दिला की, प्रत दाखल करावयाची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पक्षकाराने शक्य ते सर्व प्रयत्न केलेले असल्यामुळे त्या प्रकरणी सवलत मिळाली, एवढेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्येही प्रमाणपत्राची अट कायम आहे.

हे प्रमाणपत्र कोणी द्यावयाचे? ज्याच्या ताब्यात ते उपकरण होते त्याने, आणि सोबत एका तज्ज्ञाने. दहा वर्षांनी दुकान कोठे असेल, दुकानदार कोठे असेल? यंत्र आपल्या घरचे असेल तर ज्या मुलाने वा मुलीने प्रत काढली, तीच व्यक्ती सही करील आणि साक्षही देईल. म्हणून आमचा आग्रह आहे की, एका कुटुंबाला परवडत नसेल तर पाच कुटुंबांनी वर्गणी करून एक यंत्र घ्यावे आणि ते एका जबाबदार घरी ठेवावे.

काम करताना काही पथ्ये पाळावीत. कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर ती फीत यंत्रात घालू नये. ती यंत्राचे तोंड खराब करते आणि पुढच्या फितीलाही बाधते. वर्षानुवर्षे न चाललेली फीत आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळावी. चुकून नवे चित्रीकरण वर उमटू नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची लहान खुंटी मोडून टाकावी. प्रत झाल्यावर तबकडी यंत्रातच ‘फायनलाइज’ करावी, एरवी ती दुसऱ्या यंत्रावर चालणार नाही. तारीख, यंत्राचा क्रमांक, फितीवरील मजकूर आणि प्रत काढणाराचे नाव एका वहीत लिहावे. तबकडीही उन्हाने खराब होते, म्हणून दुसरी प्रत संगणकाच्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

हक्काविषयीही संकोच नको. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 अन्वये, मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते करवून घेणाराच असतो. आपल्या लग्नाची फीत आपली आहे. परंतु बाजारातील चित्रपटांच्या प्रती काढून विकण्यास हे यंत्र वापराल तर कलम 63 अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कैदेस पात्र व्हाल. एका गैरवापरापायी पाच कुटुंबांचे साधन जप्त व्हावे, हे शहाणपणाचे नाही.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तबकडी तयार झाली म्हणून मूळ फीत फेकू नका. प्रत ही प्रतच असते, तिच्याविषयी शंका निघाली तर न्यायालय मूळ वस्तू मागेल. ती कोरड्या जागी, उभी, डब्यात घालून ठेवा. बंधुभगिनींनो, ज्यांच्या वाडवडिलांचे जन्म आणि विवाह कोणी कोठे लिहून ठेवले नाहीत, त्यांच्या हाती प्रथमच स्वतःचा लेख आला आहे. तो पत्र्याखाली विरू देऊ नका. येत्या उन्हाळ्यापूर्वी पेटी उघडा आणि कामाला लागा.