तपासणीनंतरची जबाबदारी

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीसाठी बोटातून रक्ताचा थेंब घ्यायला मिनिटही लागत नाही. त्यातून कळलेली गोष्ट मात्र माणसाच्या लग्नापर्यंत आणि पुढे त्याच्या मुलांपर्यंत जाते. मसोलीपासून उधव्यापर्यंत, डहाणू-तलासरी तालुक्यांतल्या प्रत्येक पाड्यावर ही तपासणी व्हायलाच हवी. पण थेंब घेतला, नोंद झाली, काम संपले, असे आरोग्य यंत्रणेने समजू नये.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाले. आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट. त्याची गरज निर्विवाद आहे. बाळाचा आजार वेळीच कळला तर लसी आणि पेनिसिलिन देऊन जीवघेणे जंतुसंसर्ग टाळता येतात. हायड्रॉक्सियुरियाने असह्य वेदनांचे झटके कमी होतात. अंगातले पाणी कमी झाले की झटका येऊ शकतो, हे माहीत असलेला रुग्ण वीटभट्टीच्या कामावर जाताना स्वतःला जपू शकतो. निदानच झाले नाही, तर पोराचे सांधे का दुखतात हे घराला वर्षानुवर्षे कळत नाही.

तोटा सुरू होतो तो अर्धवट माहितीतून. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनंतरच ठरते. तो दुसरा अहवाल घरी पोहोचला नाही, तर धडधाकट वाहक स्वतःला आजारी समजतो आणि खरा रुग्ण औषधाविना राहतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हा हिशेब नाही. हे समजावून सांगायला वेळ द्यावा लागतो, आणि तोही वारली बोलीत.

कलंकाचा धोका तर जगाने अनुभवलेला आहे. १९७०च्या दशकात ग्रीसमधील ऑर्खोमेनोस गावात सर्वांची तपासणी झाली; पुढे लग्न जमवताना लोक वाहक असल्याचे लपवू लागले. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीने १९८१पर्यंत निरोगी वाहकांनाही प्रवेश नाकारला. आपल्याकडे हा भार आधी मुलीवर येईल. आजार आई आणि वडील दोघांकडून येत असताना दोष एकट्या सुनेला लावला जाईल. म्हणून तपासणीच्या कार्डावरची नोंद आश्रमशाळेच्या फळ्यावर किंवा गावाच्या यादीत जाता कामा नये.

पैसे मोजून जनुकीय चाचणीसाठी लाळेची नळी पाठवणाऱ्या शहरी ग्राहकापुढेही अर्धवट माहितीचा हाच प्रश्न आहे. मधुमेह किंवा हृदयविकाराचा धोका सांगणारे अहवाल शक्यता सांगतात, निदान करत नाहीत. त्यामागचा बराचसा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला आहे. अशा चाचण्या करणाऱ्या 'ट्वेंटीथ्रीअँडमी' या अमेरिकी कंपनीतून २०२३ साली सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. जनुकीय भेदभावाविरुद्ध अमेरिकेत २००८पासून कायदा आहे. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक आजाराच्या सबबीवर विमा नाकारणे भेदभाव ठरवले, तरी आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा अजून नाही. तो व्हायला हवा.

डहाणू-तलासरीने मात्र कायद्याची वाट पाहू नये. सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक आलेल्या प्रत्येकाचा पक्का अहवाल ठरावीक मुदतीत त्याच्याच हाती द्यावा. बोलीत समजावणारा प्रशिक्षित समुपदेशक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावा, हायड्रॉक्सियुरिया तिथेच मिळावे, आणि स्थलांतरित कुटुंबाला भट्टीजवळच्या दवाखान्यातही उपचार चालू ठेवता यावेत. लग्न करायचे की नाही, मूल होऊ द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या जोडप्याचाच राहील. अभियानाचे यश किती थेंब गोळा झाले यावर मोजू नये. किती रुग्णांचे औषध वर्षभर अखंड चालले आणि किती वाहकांना आपण आजारी नाही हे नीट कळले, यावर मोजावे.