चिनी शिकावी, पण कोणाच्या तोंडानें?

कर्जत-खालापुराकडील एखादें कुटुंब नोकरीनिमित्त चीनमध्यें जावयास निघतें आणि निघण्यापूर्वीं घरांतील लहानथोर चिनी भाषेचे धडे गिरवूं लागतात, हें ऐकून आमच्या कांहीं सुशिक्षित मित्रांस हसूं येतें. इंग्रजी येत असतां हा उपद्व्याप कशाला, असा त्यांचा प्रश्न. त्यावर आम्ही फारशी शाई खर्चणार नाहीं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथील भाषा शिकले आणि १९४२ च्या डिसेंबरांत तेथेंच वारले. त्यांना हा उपद्व्याप वाटला नव्हता.

आमचें भांडण दुसऱ्याच मंडळींशीं आहे. चिनी शिकवावयाची तर ती इंग्रजीच्याच द्वारें, मराठी उंबऱ्याबाहेर ठेवून या, असें जे सांगतात त्यांच्याशीं. हा उपदेश शुद्ध अडाणीपणाचा आहे. चीननें १९५८ सालीं स्वीकारलेली रोमन लिपी इंग्रजांच्या सोयीसाठीं नव्हे. तींतील ‘बी’ म्हणजे आपला ब नव्हे, अल्पप्राण प होय. ‘पी’ म्हणजे ओठ मिटून काढलेला महाप्राण फ. ‘डी’ आणि ‘टी’ यांत त-थ सारखा भेद, ‘जी’ आणि ‘के’ यांत क-ख सारखा. इंग्रजाला हा भेद वेगळा समजावून द्यावा लागतो. आमच्या पोराला तो बाराखडीबरोबरच मिळालेला असतो. ‘चार’ आणि ‘चारा’ हे शब्द उच्चारून पाहावे. पहिल्यांतील तालव्य च चिनींत ‘जे’नें दाखवितात, दुसऱ्यांतील दंत्य च ‘झेड’नें. म्हणून त्या राजधानीचें नांव ‘पेइचिंग’च्या जवळचें, ‘बीजिंग’ हें इंग्रजी चष्म्यांतून वाचलेलें. (जुनीं मराठी पत्रें ‘माओ त्से तुंग’ लिहीत. आतां कोणी ‘झेडाँग’ लिहितात, आणि त्यास सुधारणा समजतात!)

चार सुरांची अडचण आम्ही नाकारीत नाहीं. एकाच ‘मा’चे आई, ताग, घोडा आणि शिव्या देणें असे चार अर्थ सुरावरून होतात, आणि तेथें मराठी कान लंगडा पडतो. जिभेचें टोंक मागें वळवून काढावयाचे कांहीं वर्णहि आपणांस नवेच. पण तेथें इंग्रजी तरी कोणती काठी देते?

कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांत ज्या धर्माचे भिक्षु राहत, त्याचे कित्येक ग्रंथ मूळ भाषेंत लुप्त होऊन चिनी भाषांतरांतच उरले. फर्ग्युसन कॉलेजांतील प्रा. पु. वि. बापट यांनीं असाच चिनींत राहिलेला ‘विमुत्तिमग्ग’ पाली ‘विसुद्धिमग्गा’शीं ताडून १९३७ सालीं ग्रंथ लिहिला. केवढी विद्वत्ता! पण ग्रंथ इंग्रजींत. पंडितांच्या सभेसाठीं तें युक्तच होतें. मात्र तीच रीत पुढें घरगुती धड्यांनाहि लागू करण्याचें कारण काय?

याचा जाच सोसावा लागतो तो घरांतील बाईला. नवरा कारखान्यांत इंग्रजीवर वेळ मारून नेईल, मुलें शाळेंत चार दिवसांत बोलूं लागतील. मराठी शाळेंत सातवी-आठवी शिकलेली आई मात्र परक्या बाजारांत भाजीचा भाव विचारणार, दवाखान्यांत पोराचा ताप सांगणार. तिच्या हातीं देवनागरींत छापलेलें, मराठींत समजावलेलें शंभर पानांचें पुस्तक ठेवावें. तें लिहिण्यास ज्यांना कमीपणा वाटतो, त्यांनीं तिला ‘आधीं इंग्रजी शिकून या’ म्हणून तरी सांगूं नये.