खायच्या द्राक्षाला वाईनचं आमिष नको

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटांतून वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा समर्थनाचा मुख्य मुद्दा द्राक्ष उत्पादकांचं हित हा होता. विरोधकांनी दारूचा प्रश्न लावून धरला, उपोषणाचे इशारे दिले गेले आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. पण त्या गदारोळात मूळ विधान फारसं कोणी तपासलंच नाही. वाईनचा खप वाढला, तर धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातल्या थॉमसन किंवा सोनाका द्राक्षाच्या बागेला चार पैसे जास्त मिळतील का? माझ्या मते मिळणार नाहीत. याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा कुठल्याही अहवालापेक्षा बारोलो किंवा ब्रुनेल्लोसारख्या, वर्षानुवर्षं मुरत जाणाऱ्या इटालियन लाल वाईनच्या चवीत सापडतो. त्या चवीतली प्रत्येक गोष्ट बागेतून आलेली असते, आणि आपल्या बागा वेगळ्याच कामासाठी लावलेल्या आहेत.

बारोलो ही इटलीच्या वायव्येकडच्या पिएमोंते प्रांतातली वाईन, केवळ नेब्बियोलो या एकाच जातीच्या द्राक्षाची. रंग पाहून ती जोरकस असेल असं वाटत नाही. लाल रंग फिकाच असतो आणि जुन्या बाटलीत त्याच्या कडेला विटकरी छटा येते. वास सुकलेल्या गुलाबाचा आणि डांबराचा, वय वाढेल तसा पालापाचोळ्याचा आणि चामड्याचा. पहिला घोट घेतला की कच्चं जांभूळ चावल्यासारख्या हिरड्या आवळतात. हा तुरटपणा टॅनिनचा. त्याच्या जोडीला लख्ख आंबटपणा असतो आणि १३ ते १५ टक्के अल्कोहोलची ऊब. तरुण बारोलो अनेकांना नकोशी वाटते, ती एवढ्यासाठीच. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना धरून जड होतात, काही गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतात आणि घोट मऊ होत जातो. आंबटपणा शाबूत असेल तरच ही वाट पाहणं फळाला येतं, नाहीतर वाईन म्हातारी न होता नुसती शिळी होते. तुरटपणा मऊ व्हावा म्हणून इटलीच्या कायद्याने बारोलोला विक्रीआधी किमान ३८ महिने ठेवणं सक्तीचं केलं आहे, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. ब्रुनेल्लो तर सुगीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीआधी बाजारात येऊ शकत नाही.

हे टॅनिन येतं सालीतून आणि बियांतून. आपल्याकडच्या खायच्या द्राक्षाच्या जातीच बिनबियांच्या आणि पातळ सालीच्या निवडलेल्या असतात, आणि मणी लांबट आणि टपोरा व्हावा, यासाठी शेतकरी जिबरेलिक ॲसिडच्या फवारण्या आणि मण्यांची विरळणी करून जिवाचं रान करतो. ग्राहकाला तेच हवं असतं आणि त्या कामी आपला बागायतदार कोणाला हार जाणारा नाही. पण वाईनला नेमकं उलट लागतं: लहान मणी, जाड साल, बी आणि कमी उतारा. बारोलो आणि ब्रुनेल्लो, दोन्हींसाठी हेक्टरी ८ टनांची मर्यादा आहे, म्हणजे एकरी जेमतेम सव्वातीन टन. आपल्याकडे खायच्या द्राक्षाला एकरी दहा टनांचा हिशेब धरतात. तेव्हा भाव पडल्यावर उरलेला माल वायनरीला घालू, ही कल्पना पहिल्या घोटालाच कोसळते. त्या द्राक्षाची वाईन होत नाही असं नाही. होते, पण ती पातळ असते, स्वस्तात विकली जाते आणि तिच्यासाठी शेतकऱ्याला भावही तसाच मिळतो.

यावर कोणी म्हणेल, मग दख्खनच्या उन्हात असली वाईन होणारच नाही, विषय संपला. तसंही नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ २००७ च्या सुमारास फ्रातेल्ली ही कंपनी मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरच्या भावांनी उभी केली. तोस्कानाचे वाईन-तज्ज्ञ पिएरो मासी सोबत होते. त्यांनी खायच्या द्राक्षाला हात न लावता सांजोवेझे (ब्रुनेल्लो होते ती जात), काबेर्ने सोव्हिन्यों अशा वाईनच्याच जाती लावल्या, आणि त्या दोन्हींच्या मिश्रणातून पिंपात मुरवलेली 'सेत्ते' आणली. तिला ब्रुनेल्लोच्या पंक्तीत बसवण्याची घाई मी करणार नाही. आपल्याकडे वेलीला हिवाळी झोप नसते, वर्षात दोन छाटण्या कराव्या लागतात आणि फळ पिकतं ते थंडी सरून ऊन चढत असताना. त्यामुळे साखर भराभर वाढते आणि आंबटपणा निसटतो. इटलीत नेब्बियोलो पिकतं ते ऑक्टोबरच्या धुक्यात. तरी आपल्या जिल्ह्यातल्या बालाघाटच्या रांगेवर, सहाशे-सातशे मीटर उंचीवर, दिवस आणि रात्रीच्या तापमानात बऱ्यापैकी फरक पडतो. प्रयत्न करून पाहावा इतपत ही जमीन नक्कीच आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं या जिल्ह्यात गावोगाव आहेत, आणि अल्कोहोलची कुठलीच मात्रा सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ते मला मान्य आहे. म्हणूनच खप वाढवा या धोरणाला माझा विरोध आहे. इटलीचाच इतिहास बघा. १९८६ मध्ये तिथे स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने वीसहून अधिक माणसं मेली. त्यानंतर तिथला धंदा लिटर मोजणं सोडून दर्जाकडे वळला. इटालियन माणूस १९७० च्या दशकात वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाईन पीत असे. आता त्याच्या निम्म्याहून कमी पितो, तरी चांगल्या बागांची किंमत वाढतच गेली. थोडं आणि उत्तम, हा मार्ग पिणाऱ्याच्या आरोग्याला आणि पिकवणाऱ्याच्या खिशाला, दोन्हींना कमी घातक आहे.

हे सगळं परकं आहे, असं म्हणणाऱ्यांनी याच जिल्ह्यातलं तेर आठवावं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं तगर नोंदलेलं आहे. अभ्यासक ते तेरच मानतात. तिथून मलमल आणि जाडंभरडं कापड गाड्यांतून भरूचला जाई. त्याच भरूचच्या आयातीच्या यादीत वाईन आहे, आणि तीत इटलीच्या वाईनला पसंती असल्याचंही लिहिलं आहे. ती तेरपर्यंत आली असं मी म्हणत नाही. पश्चिम भारतात रोमन म्हणून नोंदलेली बरीच खापरं पुढे इराणच्या आखाताकडची ठरली, तेव्हा इथे सावध राहिलेलं बरं. पण तेरच्या लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईत सापडलेल्या मूर्तीची सख्खी बहीण वाटते. या जिल्ह्याने दूरच्या बाजाराला दर्जेदार वस्तू पुरवली आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

मग करायचं काय? खायच्या द्राक्षाच्या शेतकऱ्याला खोटी आशा न दाखवता बेदाण्याच्या शेडसाठी, शीतगृहासाठी आणि बाजारासाठी मदत द्यावी. व्हेरोनाजवळची आमारोने ही जबरदस्त लाल वाईनसुद्धा महिनोन्महिने रॅकवर सुकवलेल्या द्राक्षांचीच असते, तेव्हा सुकवण्याला कमी लेखण्याचं कारण नाही. वाईनच्या जातींसाठी पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने आणि तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राने मिळून बालाघाटावर मोजक्या एकरांत चाचणी लावावी, आणि साखर, आंबटपणा, पाण्याचा खर्च यांच्या नोंदी दरवर्षी जाहीर कराव्यात. वेल फळाला यायला तीन वर्षं, वाईन मुरायला आणखी तीन-चार. एवढा काळ जोखीम सरकार आणि वायनरीने वाटून घ्यावी आणि लेखी खरेदी करार झाल्याशिवाय एकाही शेतकऱ्याला बाग बदलायला सांगू नये.