औषध मोफत, पण भीती कायम

एचआयव्हीवरील एआरटी औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागली. गोळ्या रोज न चुकता घेतल्या, तर रक्तातील विषाणू तपासणीतही सापडत नाही इतका कमी होतो आणि तो तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मग अडते कुठे? सेलूसारख्या गावात, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे ‘कोणी पाहिले तर?’ हा प्रश्न आजारापेक्षा मोठा होतो. रांगेत उभे राहणे टळते, गोळ्या चुकतात आणि विषाणू पुन्हा वाढतो.

ही भीती निराधार नाही. २००९ मध्ये शेजारच्या लातूर जिल्ह्यातील हासेगावात एचआयव्हीबाधित मुले शाळेत येताच पालकांनी आपली मुले घरी ठेवली. वास्तविक शेजारी बसल्याने, एका डब्यात जेवल्याने एचआयव्ही होत नाही.

कायदा काय सांगतो? १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार नोकरी, शिक्षण, उपचार किंवा भाड्याचे घर एचआयव्हीच्या कारणावरून नाकारता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. राज्यात तक्रारीसाठी लोकपालाची तरतूद आहे.

मात्र पारावरच्या कुजबुजीला कायदा पुरत नाही. ‘त्याला काय झालंय?’ ही चौकशी थांबवणे गावाच्याच हाती आहे. तेवढे केले, तरी कुणाची तरी गोळी चुकणार नाही. माहितीसाठी १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.