आधी ग्रुप, मग झिरो

रजेवर मोटरसायकलने निघालेल्या जवानाला गेटवर तीन गोष्टी विचारतात: हेल्मेट, लायसन्स, इन्शुरन्स. चौथी कोणी विचारत नाही, की बाबा रे, टायरात हवा किती आहे, आणि मागचं शॉकअप कितव्या खाचेवर आहे? माझ्या मते पहिल्या तिघांइतकीच ही चौथी महत्त्वाची आहे. आणि "मेकॅनिकने बघितलंय" हे तिचं उत्तर नव्हे. उत्तर आकड्यात यायला हवं.

हे मत कुठल्या रोड सेफ्टी वीकच्या लेक्चरात बनलं नाही. चेन्नईच्या पोस्टिंगमध्ये रविवारी इरुंगट्टुकोट्टईच्या रेसट्रॅकवर पोरांच्या गाड्या लावून देताना बनलं. ट्रॅकचं नाव काढलं की आमच्यातले जुने लोक नाक मुरडतात. श्रीमंतांच्या पोरांचे चोचले म्हणतात. त्यांना एवढंच सांगतो की मद्रासची मोटर रेसिंग वाढली ती शोलावरमच्या धावपट्टीवर, आणि ती दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी होती. फौजेने सोडलेल्या जागेवरच हा खेळ मोठा झालाय. इरुंगट्टुकोट्टईचा हा ट्रॅक नंतरचा. सुमारे 3.7 किलोमीटरचा, बारा वळणांचा, आणि बरोब्बर एनएच 48 च्या कडेला. तोच रस्ता पुढे बेंगळुरू, कोल्हापूर, सातारा करत पुण्याला जातो. म्हणजे आपली पोरं ज्या रस्त्याने घरी जातात त्याच रस्त्यावर हा ट्रॅक आहे. फक्त तिथे समोरून ट्रक येत नाही आणि वळणावर वाळू पडलेली नसते, म्हणून गाडीला निवांत प्रश्न विचारता येतात.

प्रश्न विचारायची पद्धत फौजेत आपण सगळे शिकलोय. रायफल झिरो करताना उस्ताद काय सांगतात? आधी ग्रुप आणा. पाच राउंड एका जागी लागू देत, ती जागा बुलच्या बाहेर का असेना. ग्रुप आला की मग साइट हलवा. ग्रुप विखुरलेला असताना साइटला हात लावला तर दिवसभर नुसती गोळी जाते. मोटरसायकलचंही अगदी तसंच.

एक उदाहरण सांगतो. सिग्नलचा एक नायक, हात चांगला, हिंमत जरा जास्त. त्याच्या गाडीच्या शॉकअपला सगळे स्क्रू होते आणि त्याने यूट्यूब बघून ते सगळे एकदम फिरवलेले. त्याचे चार लॅप मी स्टॉपवॉचवर घेतले: 2:14, 2:19, 2:13, 2:21. मित्र 2:13 वर टाळ्या वाजवत होते. मला त्या आठ सेकंदांच्या फरकाची काळजी होती. एकाच वळणाला गाडी एकदा वळते आणि एकदा वळत नाही, असा त्याचा अर्थ. ज्या फेरीत नशीब साथ देणार नाही, तीच फेरी महाग पडते.

पहिलं काम हवेचं, कारण टायर हाच पहिला स्प्रिंग आहे. हवा चुकीची असेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया. सकाळी 28 अंशांना 30 पीएसआय भरली आणि आतली हवा 60 अंशांपर्यंत तापली, तर तोच काटा 35 च्या जवळ जातो. यात जादू काही नाही, दहावीचं फिजिक्स आहे. म्हणून ट्रॅकवर थंड टायरच्या आकड्यावर थांबत नाहीत. चार-पाच लॅप झाले की गाडी पिटमध्ये घ्यायची आणि हेल्मेट काढायच्या आधी गेज लावायचं. पोरं आधी पाणी पितात, गप्पा मारतात, मग गेज शोधतात. तोवर टायर निवायला लागलेला असतो आणि आकडा खोटा येतो.

दुसरं काम सॅग. स्वार बसल्यावर गाडी किती खाली बसते ते. फोर्कच्या दांडीला प्लास्टिकची टाय बांधायची, मागे ॲक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने मोजायचं. चाक अधांतरी असताना एकदा, आणि पूर्ण सामानासह स्वार बसल्यावर एकदा. दोघांतला फरक म्हणजे सॅग. साधारण प्रवासाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात तो असावा. प्रवास म्हणजे चाक वरखाली जितकं हलू शकतं तितकं. नायकाच्या गाडीचा मागचा प्रवास 120 मिलिमीटर आणि सॅग निघाला 46. मागून बसलेली गाडी पुढून हलकी होते, वळणात रुंद जाते. प्रीलोड आवळून तो 34 वर आणला.

इथे एक गैरसमज जवळजवळ प्रत्येक गॅरेजात ऐकू येतो. प्रीलोड आवळला म्हणजे स्प्रिंग कडक झाली, असं लोक म्हणतात. स्प्रिंग होती तेवढीच कडक राहते. प्रीलोडने फक्त गाडी किती उंचीवर बसेल ते ठरतं. स्प्रिंगच मऊ असेल तर ती बदलावी लागते. पाना कितीही फिरवा, उपयोग नाही.

नंतरचे चार लॅप आले 2:16, 2:15, 2:16, 2:16. मित्र हसले, म्हणे गाडी स्लो करून ठेवली. मी म्हटलं, ग्रुप आला, आता साइट हलवू. मग रिबाउंड घेतला. दाबलेली स्प्रिंग किती वेगाने परत सुटते ते हा स्क्रू ठरवतो. फार मोकळा असेल तर खड्ड्यानंतर गाडी उसळते. फार आवळलेला असेल तर एका दणक्यातून वर यायच्या आत दुसरा बसतो आणि शॉकअप खालीखालीच जात राहतं. आधी स्क्रू पूर्ण बंद करत क्लिक मोजले, आकडा लिहिला, तो परत जागेवर आणला आणि तिथून दोन क्लिक मोकळा केला. चार लॅप. मग मुद्दाम जुन्या जागेवर नेऊन पुन्हा चार लॅप. हे परत जाणं कोणालाच आवडत नाही, पण त्याशिवाय फरक स्क्रूने पडला, ऊन वाढल्याने पडला की स्वाराचा हात बसल्याने, हे कळायचं कसं? एका वेळी एकच बदल, आणि वहीत नोंद. संध्याकाळपर्यंत लॅप 2:13 वर आले, आणि या वेळी चारही.

आता रस्त्यावर येऊ, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. ट्रॅकवरची सेटिंग रस्त्यावर नेऊ नका. ट्रॅकसाठी हवा कमी ठेवतात, कारण टायर तापून ती वाढणार हे धरलेलं असतं. हायवेवर सरळ चालताना टायर ट्रॅकइतका तापून ती भर निघत नाही. वर डबलसीट बायको आणि मागे बांधलेली ट्रंक. कमी हवेच्या टायरची बाजूची भिंत सतत दुमडते, आणि लांबच्या पल्ल्यावर ती आतून शिजते. शॉकअपचं उलट. आपल्या बहुतेक साध्या गाड्यांना मागे पाच-सहा खाचांचा प्रीलोड असतो, पाना टूलकिटमध्येच मिळतो. तरी कॅन्टीनमधून गाडी उचलल्या दिवसापासून ती खाच कोणी हलवलेली नसते. एकट्या 70 किलोच्या माणसासाठी लावलेली खाच 150 किलोला कशी पुरेल? मागून बसलेल्या गाडीचा हेडलाइट झाडावर जातो, पुढचं चाक हलकं होतं, आणि घाटात ब्रेक लावल्यावर जे होतं त्याला आपण रिपोर्टमध्ये "चालकाचा ताबा सुटला" असं लिहितो.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक हिशेब, कारण दर उन्हाळ्यात माजी सैनिकांचे ग्रुप निघतात आणि दर वर्षी हाच वाद होतो. चंदीगडला 30 अंशांना 30 पीएसआय भरली. लेहला बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून काटा वर जायला हवा. पण लेहची सकाळ 5 अंशांची असेल तर थंडी तो जवळजवळ परत खाली आणते, आणि गेज 31 च्या आसपासच दिसतं. दुपारी ऊन पडलं की तेच 34. कोणीतरी घाबरून दुपारी हवा सोडतो आणि 30 करतो. तोच टायर सामानासकट मैदानात 35 अंशांना उतरला की 27 वर येतो. म्हणजे उतरल्यावर पहिल्याच पंपावर, टायर थंड असताना, पुन्हा मोजायचं. गेज स्वतःचं हवं, पंपावरच्या काट्यावर माझा विश्वास नाही.

"आमची हयात बुलेटवर गेली, कोणी टेप लावली नव्हती," असं एक सुभेदार साहेब मला म्हणाले. खरं आहे. पण तेव्हा 60 च्या वर गाडी जायची कुठे? 2017 मध्ये येलहंकाला एएससीच्या टोर्नेडोज टीमने एका 500 सीसी बुलेटवर 58 माणसं बसवून 1200 मीटर गाडी नेली. त्या गाडीच्या स्प्रिंगा आणि टायर राम भरोसे सोडले असतील, असं साहेबांनाही वाटत नसावं. आपण तर दोघेच असतो, पण हजार किलोमीटर जातो.

माझी मागणी छोटी आहे. रजेच्या आदल्या दिवशी एमटी यार्डात एक तास. एक गेज, एक फूटपंप, एक टेप, एक वही. गाडी ज्या वजनासह जाणार तेवढं वजन चढवून सॅग मोजायचा, खाच बदलायची, थंड टायरमध्ये कंपनीच्या स्टिकरवर डबलसीटसाठी जो आकडा दिलाय तो भरायचा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, तीही बघायची: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं होतं, हे आपल्या बऱ्याच पोरांना ठाऊकच नसतं. वहीत नाव, गाडी, पुढची हवा, मागची हवा, खाच, टायरची तारीख आणि मोजणाऱ्याची सही. ही सही गाडीच्या मालकाची नको. ती दुसऱ्या कोणाची तरी असावी, जसा रेंजवर टार्गेट बघायला दुसरा माणूस जातो.