विश्लेषण : हाडे बळकट करणारी इंजेक्शने संपली, मग पुढे काय?

ऑस्टिओपोरोसिसमुळे मणका किंवा खुब्याचे हाड मोडले, की अनेक ज्येष्ठ रुग्णांना हाडे नव्याने घडवणारी इंजेक्शने सुरू केली जातात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडसारख्या उपनगरांत घरच्या फ्रिजमध्ये इंजेक्शनचे पेन ठेवून रोज सुई टोचून घेणारे आजी-आजोबा आता नवलाचे राहिलेले नाहीत. दोन वर्षांनी शेवटचे पेन संपते आणि ‘कोर्स पूर्ण झाला’ असे समजून बहुतेक घरांत सुटकेचा निःश्वास टाकला जातो. चूक होते ती नेमकी इथे. या इंजेक्शनांनी मिळवलेले हाड टिकवायचे असेल, तर लगेच दुसरे औषध सुरू करावे लागते. कोणते, हे रुग्णागणिक बदलते.

ही इंजेक्शने नेमके काय करतात?

शरीरात जुने हाड सतत झिजवले जाते आणि त्या जागी नवे तयार होते. रजोनिवृत्तीनंतर झिजवणाऱ्या पेशींचा वेग वाढतो, नवे हाड मागे पडते आणि हाड आतून पोकळ होत जाते. ऑस्टिओपोरोसिसची बहुतेक औषधे ही झीज रोखतात. टेरीपॅराटाइड मात्र हाड बांधणाऱ्या पेशींना कामाला लावते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००२ मध्ये त्याला मान्यता दिली. ते रोज २० मायक्रोग्रॅम, पोटावर किंवा मांडीवर त्वचेखाली घेतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ चाचणीत १,६३७ स्त्रिया सहभागी होत्या. टेरीपॅराटाइड घेणाऱ्यांमध्ये मणक्याची नवी फ्रॅक्चर ६५ टक्क्यांनी कमी आढळली. याच गटातले दुसरे औषध रोमोसोझुमॅब. त्याला अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये मान्यता मिळाली. ते महिन्यातून एकदा, असे १२ महिने देतात. गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना ते दिले जात नाही.

मग तीच इंजेक्शने चालू का ठेवत नाहीत?

टेरीपॅराटाइडवर सुरुवातीला दोन वर्षांची मर्यादा आली ती उंदरांवरील प्रयोगांत हाडाचा कर्करोग दिसल्यामुळे. पुढे अनेक वर्षांच्या नोंदींत माणसांमध्ये असा वाढीव धोका आढळला नाही. त्यामुळे नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत त्यावरील ठळक इशारा काढण्यात आला आणि धोका फारच जास्त असलेल्या रुग्णांत दोन वर्षांपुढेही वापराची मुभा मिळाली. तरीही बहुतेकांना दोन वर्षेच पुरेशी मानली जातात. बांधणीचा जोर पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, नंतर झिजेचा वेगही वाढून तो फायदा कमी होत जातो. रोमोसोझुमॅबचा बांधणीवरचा परिणामही वर्षभरात ओसरतो.

थांबल्यावर किती नुकसान होते?

नवे हाड ताजे असते, त्यात खनिजे पूर्ण भरलेली नसतात. शिवाय औषध थांबले तरी झिजवणाऱ्या पेशी थांबत नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टेरीपॅराटाइडच्याच कुळातले इंजेक्शन वर्षभर दिल्यानंतर स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाला पुढचे वर्ष अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी दिली, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी. दोन वर्षांच्या अखेरीस मणक्याच्या आतल्या जाळीदार हाडाची घनता पहिल्या गटात ३१ टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटात १४ टक्क्यांनीच वाढलेली होती. फ्रॅक्चरपासूनचे संरक्षण इंजेक्शन थांबल्या दिवशीच संपते असे नाही, ते काही काळ टिकते. पण घनता पहिल्या वर्षापासूनच घसरू लागते. दोन वर्षे रोज टोचून घेतलेल्या सुया आणि त्यावर झालेला मोठा खर्च, दोन्ही त्यात वाया जातात.

पुढचे पर्याय कोणते?

मुख्य पर्याय तीन. पहिला, अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्यातून एकदा घ्यायची ७० मिलिग्रॅमची गोळी. ती सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. चहाही त्या अर्ध्या तासानंतरच. अन्ननलिकेचा त्रास असलेल्यांना किंवा ताठ बसता न येणाऱ्यांना ही गोळी जमत नाही.

दुसरा, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड. ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा, शिरेतून, किमान १५ मिनिटांत. २००७ च्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली होती. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते. कर्करोगाच्या रुग्णांना हेच औषध ४ मिलिग्रॅमच्या मात्रेत आणि वेगळ्या वेळापत्रकाने देतात, त्यामुळे बाटलीवरचा आकडा पाहून घेतलेला बरा. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३५ मिलिलीटरपेक्षा कमी असेल, तर ही दोन्ही औषधे टाळतात.

तिसरा, डेनोसुमॅब. ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी, त्वचेखाली. बॉस्टनमधील २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात दोन वर्षे टेरीपॅराटाइड आणि नंतर दोन वर्षे डेनोसुमॅब घेणाऱ्या स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता चार वर्षांत एकूण १८.३ टक्क्यांनी वाढली. मूत्रपिंड कमजोर असले तरी ते देता येते. मात्र डायलिसिसवरील रुग्णांत रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये जोडण्यात आला.

रॅलॉक्सिफिन हाही पर्याय काही स्त्रियांना सुचवला जातो. ते मणक्याला आधार देते, पण खुब्याचे फ्रॅक्चर कमी करत असल्याचे सिद्ध झालेले नाही आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवते.

मग सर्वांनाच डेनोसुमॅब का देत नाहीत?

कारण त्यातून बाहेर पडण्याची वाट अवघड आहे. गोळी किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड हाडात साठून राहते, औषध थांबल्यावरही काही काळ काम करते. डेनोसुमॅब साठत नाही. त्याचा परिणाम संपताच झीज उसळी घेते आणि काही रुग्णांत एकाच वेळी अनेक मणके दबतात. ब्रिटनमधील नोंदींवर आधारित २०२० च्या अभ्यासात, ठरलेल्या तारखेपेक्षा १६ आठवड्यांहून जास्त उशीर झालेल्यांत मणक्याच्या फ्रॅक्चरचा धोका वेळेवर डोस घेणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळला.

मुंबईकरांना हा धोका चटकन समजावा असा प्रसंग होऊन गेला आहे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि दवाखान्यात पोहोचणेच कठीण झाले. जगभर हीच स्थिती होती. तेव्हा हाडांच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी संयुक्त सूचना दिली, की डेनोसुमॅबचा पुढचा डोस आधीच्या डोसपासून सात महिन्यांच्या आत देता येणार नसेल, तर तात्पुरती गोळी सुरू करण्याचा विचार करावा.

उपनगरांतल्या घरांत निर्णय कशावर ठरावा?

वैद्यकीय निकष पहिले. मूत्रपिंडाची तपासणी, दातांची स्थिती, पोटाच्या तक्रारी, आधी झालेली फ्रॅक्चर आणि घनतेचा ताजा आकडा. पण औषध वेळेवर मिळत राहील का, हा प्रश्नही तितकाच वैद्यकीय आहे. उन्हाळ्यात कोकणात गेलेले आजी-आजोबा गणपती आटोपूनच परतत असतील, तर सहामाही इंजेक्शनची तारीख त्यात सापडते. मुले परदेशी, घरी दोघेच, इमारतीला लिफ्ट नाही किंवा पुनर्विकासासाठी तात्पुरते दुसरीकडे राहायला गेलेले, अशा वेळी तारखा चुकतात. डेनोसुमॅबला २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, त्यामुळे ते पिशवीत घालून गावी नेणेही सोपे नाही. अशा घरांना वर्षातून एकदाचे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड अधिक भरवशाचे ठरू शकते. ज्यांची गोळ्यांची शिस्त पक्की आहे आणि पोटाचा त्रास नाही, त्यांना आठवड्याची गोळी सर्वांत स्वस्त पडते. खुब्याची घनता अजून फारच कमी असेल आणि तारखा सांभाळणारे घरात कोणी असेल, तर डेनोसुमॅबचा विचार होतो. मात्र ‘हे थांबवताना पुढे काय द्यायचे’ हे सुरू करतानाच ठरलेले हवे. सहसा शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांच्या सुमारास झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा गोळी सुरू करतात.

औषधांचा क्रम उलटा झाला तर?

बॉस्टनच्या त्याच अभ्यासात आधी डेनोसुमॅब आणि नंतर टेरीपॅराटाइड घेणाऱ्यांची घनता मध्यंतरी उलट घसरली, मनगटाच्या बाजूच्या हाडात तर ती कमीच होत गेली. म्हणूनच धोका फार जास्त असलेल्यांना आधी बांधणीचे आणि नंतर झीज रोखणारे औषध, हा क्रम २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत सुचवला गेला. रोमोसोझुमॅबबाबतही हेच दिसते. २०१७ च्या ४,०९३ स्त्रियांच्या चाचणीत आधी वर्षभर ते आणि नंतर अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांत, फक्त अ‍ॅलेंड्रोनेट घेणाऱ्यांपेक्षा मणक्याची नवी फ्रॅक्चर दोन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाली.

जबडा आणि मांडीच्या हाडाची भीती किती खरी?

झीज रोखणाऱ्या औषधांनी जबड्याचे हाड खराब होणे किंवा मांडीचे हाड विचित्र पद्धतीने मोडणे, हे दुष्परिणाम खरे आहेत, पण ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत दुर्मीळ आहेत. दात काढणे, इम्प्लांट बसवणे अशी कामे शक्यतो औषधाआधी उरकावीत. उपचारादरम्यान मांडीत किंवा जांघेत सतत दुखू लागले तर डॉक्टरांना कळवावे. गोळीनंतर साधारण पाच, तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडनंतर तीन वर्षांनी ‘औषधाला सुट्टी’ देता येईल का, याचा विचार होतो. धोका जास्त असलेल्यांत हा काळ वाढतो. डेनोसुमॅबला अशी सुट्टी नसते.

शेवटचे पेन संपण्याआधी काय करावे?

दोन-तीन महिने आधी डॉक्टरांची वेळ घ्यावी. क्रिएटिनिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासावे. ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम कमी असेल, तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब देण्याआधी ते भरून काढावे लागते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, असे राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस सांगते. दूध, दही, नाचणी, तीळ यांतून उरलेली तूटच गोळ्यांनी भरावी. डेक्सा चाचणी शक्यतो पहिल्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करावी, नाहीतर आकड्यांची तुलना फसवी ठरते. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : पुढचे औषध कोणत्या तारखेला सुरू होणार, ते किती वर्षे चालणार आणि थांबवताना त्याच्यामागे काय द्यायचे. ही तीन उत्तरे कागदावर लिहून घेतल्याशिवाय शेवटचे पेन उघडू नये.